दोन सीटची गाडी, तिघांचं घर

वाचकाचं पत्र

मी मूळची नाशिकची. गेली चौदा वर्षं कॉव्हेंट्रीत राहते, हॉस्पिटलात नोकरी करते. कामावर जाऊन-येऊन रोज बावीस मैल, त्यातले बरेचसे ए४६ या हायवेवर. आमची छोटी गाडी आता अकरा वर्षांची झाली, तरी मागच्या महिन्यात एमओटी (गाडीची वार्षिक तपासणी) पास झाली. ती देऊन हप्त्यावर नवी सुझुकी स्विफ्ट घ्यावी असं नवऱ्याचं म्हणणं. इकडे शेजारचे आजोबा त्यांची १९७७ सालची ट्रायम्फ स्पिटफायर १५०० विकताहेत, सात हजार पौंड सांगतात. माझ्या आजोबांकडे स्टँडर्ड हेरल्ड होती. ते बॉनेट उघडायचे तेव्हा सुसरीने जबडा उघडलाय असं वाटायचं. परवा शेजाऱ्यांनी स्पिटफायरचं बॉनेट उचललं आणि तोच जबडा समोर! मला रडू आवरेना. माझा विचार असा, की आमची गाडी विकून स्पिटफायर घ्यायची, एप्रिल ते ऑक्टोबर तीच कामावर न्यायची आणि हिवाळ्यात बसने जायचं. नवरा म्हणतो, हे वेड आहे, ती गाडी स्विफ्टच्या पासंगालाही पुरणार नाही. सहा वर्षांची मुलगी माझ्या बाजूने आहे. तुम्हीच सांगा, दोघींत चांगली गाडी कोणती?

— एक नाशिककर

उत्तर

ताई,

सुसरीच्या जबड्यापासूनच सुरुवात करतो, कारण तुम्हाला काही भास झालेला नाही. हेरल्ड आणि स्पिटफायर या सख्ख्या बहिणी आहेत. हेरल्ड १९५९ मध्ये तुमच्याच गावात, कॉव्हेंट्रीत, ट्रायम्फने काढली. खाली वेगळी चासी, वर बोल्टने बसवलेली बॉडी, आणि मडगार्डांसकट अख्खं पुढे कलणारं बॉनेट. मेकॅनिकने पुढच्या टायरवर बसून निवांत काम करावं, अशी ती रचना. आकार इटलीच्या जोव्हानी मिकेलॉत्तीचा. मग त्याच माणसाकडून कंपनीने दोन सीटच्या उघड्या गाडीचा नमुना करून घेतला. त्यासाठी हेरल्डचीच चासी आखूड केली आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या फांद्या, म्हणजे बॉडीला बाजूने आधार देणारे हात, छाटल्या. पुढे पैशाची ओढाताण झाली आणि नमुना कारखान्याच्या एका कोपऱ्यात कापडाखाली पडून राहिला. १९६१ मध्ये लेलँड या लॉरी बनवणाऱ्या कंपनीने ट्रायम्फ घेतली. त्यांची माणसं कारखाना बघत फिरत असताना ते कापड उचललं गेलं आणि या गाडीचं नशीब उघडलं. १९६२ मध्ये ती बाजारात आली. हेरल्ड तोवर मद्रासला स्टँडर्ड या नावाने बनायला लागली होती. त्यातलीच एक तुमच्या आजोबांच्या दारात आली. म्हणजे नाशिकची गाडी आणि शेजाऱ्यांची गाडी या एकाच घरातल्या, आणि ते घर म्हणजे कॅन्लीचा कारखाना, तुमच्यापासून चार मैलांवर असेल नसेल. तुम्हाला रडू आलं यात मला काहीच नवल वाटत नाही.

छाटलेल्या फांद्या मात्र लक्षात ठेवा. पुढे त्यांचं काम आहे.

आता नवऱ्याच्या 'पासंगाला'कडे येतो. आकडे मांडले तर गंमत दिसते. स्पिटफायर १५०० चं इंजिन १,४९३ सीसीचं, ताकद ७१ अश्वशक्ती. नव्या स्विफ्टचं १,१९७ सीसीचं, तीन सिलिंडरचं, ताकद ८२. टॉर्क दोन्हींचा जवळजवळ तंतोतंत सारखा, ११० न्यूटन मीटरच्या थोडा वर. उभ्या गाडीपासून ताशी ६० मैल गाठायला स्पिटफायरला १३ सेकंदांच्या आसपास लागतात, स्विफ्टला साडेबारा. दोघींचा कमाल वेग ताशी १०० मैलांच्या आगेमागे. लांबीत सात-आठ सेंटिमीटरचाच फरक. वळायच्या बाबतीत तर स्पिटफायर स्विफ्टला हरवते. तिला पूर्ण वळसा घ्यायला सव्वासात मीटर पुरतात, स्विफ्टला साडेनऊच्या वर लागतात. तुमच्या गल्लीत एका झटक्यात यू टर्न होईल. हा गुण हेरल्डकडून आलेला आहे. नाशिकच्या जुन्या बोळांत आजोबा ती गाडी कशी फिरवायचे, आठवून बघा.

तेव्हा कागदावर ही बरोबरी आहे, आणि नवऱ्याचं म्हणणं तेवढ्यापुरतं खरं नाही. पण म्हणून तुमचं खरं ठरत नाही. पन्नास वर्षांपूर्वीच्या स्पोर्ट्स कारला जे जमायचं ते आजच्या बाजारहाटाच्या गाडीला सहज जमतं, तेही जवळपास निम्म्या पेट्रोलमध्ये. स्पिटफायर गॅलनला तीसेक मैल देते, स्विफ्टचा कागदावरचा आकडा साठीच्या पुढे आहे. फरक खरा आहे तो गाडी तुमच्याकडून किती मागते यात.

स्विफ्ट काही मागत नाही. बटण दाबलं की सुरू. लेन सोडली की स्टेअरिंगला हलकासा धक्का देते, समोरच्या गाडीने अचानक ब्रेक मारला तर स्वतः ब्रेक लावते. सहा एअरबॅग आहेत, एबीएस आहे. गाड्यांच्या सुरक्षेच्या चाचण्या घेणाऱ्या युरो एनकॅपने तिला पाचपैकी तीनच तारे दिले, ती काही चिलखत नाही. तरी रात्रपाळी करून, डोळ्यांत झोप घेऊन, पावसात ए४६ वरून घरी येणाऱ्या माणसाला जे हवं ते तिच्यात आहे.

स्पिटफायर सगळंच मागते. माझ्याकडे मार्क ४ होती, म्हणजे १५०० च्या आधीची स्पिटफायर, चौदा वर्षं सांभाळली. चार दिवस उभी राहिली की कार्बोरेटरमधलं पेट्रोल उडून गेलेलं असायचं. मी बॉनेट उचलून पेट्रोल पंपाच्या बाजूची छोटी दांडी बोटाने आठ-दहा वेळा दाबायचो. प्रत्येक दाबाला दांडी जड लागायची. मग एका दाबाला ती एकदम हलकी पडायची, त्याचा अर्थ कार्बोरेटर भरला. आत येऊन चोक पूर्ण ओढायचा, चावी फिरवायची. इंजिन धरलं की चोक अर्धा आत, पहिल्या सिग्नलपर्यंत पूर्ण आत. विसरलात तर पेट्रोलचा वास आणि काळा धूर. बसल्यावर रस्ता इतका जवळ, की दारावरून हात खाली सोडला तर डांबराला लागेल असं वाटतं. ताशी ३५ मैलांना ६० चा आनंद मिळतो. तो आनंद खरा आहे आणि मला तो अजून हवाहवासा वाटतो. उन्हाळ्यातल्या संध्याकाळी छत खाली करून केनिलवर्थकडे निघालं की शेतातल्या कापलेल्या गवताचा वास थेट गाडीत येतो, आणि गिअरची ती आखूड दांडी मनगटाच्या एका हालचालीत पडते. कुठल्याही नव्या छोट्या गाडीत मला हे मिळालेलं नाही.

तुमच्या पत्रात शेवटी एक ओळ होती, जागेअभावी वर घेतली नाही. आजोबा कसारा घाटात सारखे म्हणायचे, "वळण सुरू झालं की पाय उचलायचा नाही." ते का म्हणायचे, ते तुम्हाला कुणी सांगितलं नसावं. हेरल्डच्या मागच्या चाकांचे ॲक्सल मधल्या डिफरन्शियलपाशी सांध्यावर झुलतात. वळणात जोरात असताना ॲक्सिलरेटर एकदम सोडला की गाडीचा मागचा भाग उचलला जातो, बाहेरचं चाक खाली आत दुमडतं आणि मागची बाजू सटकते. सुरुवातीच्या स्पिटफायरमध्येही हाच दोष होता. १९७० च्या मार्क ४ पासून मागची पाट्यांची स्प्रिंग वेगळ्या तऱ्हेने बसवली आणि पुढे मागच्या दोन चाकांमधलं अंतरही वाढवलं, त्यामुळे शेजाऱ्यांची गाडी त्या मानाने पुष्कळ शहाणी आहे. तरी आजोबांचा नियम पाळा. वळणाच्या आधी वेग कमी करा, वळणात पाय स्थिर ठेवा. त्यांना गाडी कळत होती.

आता तुमच्या योजनेबद्दल. स्पिटफायर रोज कामावर नेऊ नका. या बाबतीत मी ठाम आहे. ताशी ७० मैलांना, ओव्हरड्राइव्ह (त्याच वेगाला इंजिन हळू फिरू देणारा जादा गिअर) नसेल तर, हे इंजिन चार हजारांच्या जवळ फिरतं. १५०० च्या क्रँकचा (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याचा) स्ट्रोक लांब आहे आणि त्यावरच्या बिग एंड बेअरिंगना असं तासन्‌तास फिरणं मानवत नाही. त्याहून मोठी गोष्ट तुमच्या जिवाची. दाराच्या पातळ पत्र्यापलीकडे तुमचा खांदा, आणि शेजारून जाणाऱ्या लॉरीचं चाक तुमच्या डोळ्यांच्या रेषेत. लॉरीवाल्याला तुम्ही दिसता की नाही, याची खात्री नाही. पुढे डिस्क ब्रेक आहेत, मागे ड्रम, एबीएस नाही. पुढची आधुनिक गाडी ओल्या रस्त्यावर जेवढ्यात थांबते तेवढ्यात तुम्ही थांबणार नाही. रविवारी गावातल्या रस्त्यावर मोकळं अंतर ठेवून हे सांभाळता येतं. सोमवारी सकाळी सव्वासातला, उशीर झालेला असताना, सांभाळता येत नाही.

आणि तिघांचं घर. पत्रात तुम्ही मुलगी आपल्या बाजूने असल्याचं लिहिलंत, पण गाडीला सीट दोनच आहेत हे कुठेच लिहिलं नाहीत. म्हणजे ही एकच गाडी दारात असेल तर दर रविवारी एक जण फाटकापाशी उभा राहून हात हलवणार, आणि तो कोण असेल ते तुम्हाला माहीत आहे. मुलीसाठी इथल्या कायद्याप्रमाणे बारा वर्षांची किंवा १३५ सेंटिमीटर उंच होईपर्यंत चाइल्ड सीट लागते. आजच्या गाड्यांत चाइल्ड सीट अडकवायला असतात ते आयसोफिक्सचे हूक या गाडीत नाहीत, पट्ट्याने बांधायची सीट लागेल आणि ती नीट बसते का हे आधी बघावं लागेल. माझ्या मते नवऱ्याच्या विरोधाचं मूळ इथे आहे. स्विफ्ट त्यांच्यासाठी निमित्त असावं. त्यांनी शेजाऱ्यांच्या गाडीत बसून बघितलंय का? पत्रावरून तरी वाटत नाही. शेजाऱ्यांना विनंती करा, एका कोरड्या दिवशी नवऱ्याला शेजारी बसवून केनिलवर्थपर्यंत नेऊन आणा. तुम्ही जाऊ नका. त्यांचं मत त्यांना बनवू द्या.

'चांगली कोणती' याचं उत्तर मी असं देईन. घरात एकच गाडी परवडणार असेल तर स्विफ्ट, किंवा तिच्यासारखी कुठलीही आजची छोटी गाडी. यात चर्चेला जागा नाही. पण मला तुमचा प्रश्न तसा वाटत नाही. तुमची अकरा वर्षांची गाडी मागच्या महिन्यात एमओटी पास झाली, असं तुम्हीच लिहिलंय. मग तिला हाकलायची घाई कुणाला आहे? नवी स्विफ्ट १९ हजार पौंडांच्या घरात जाते आणि त्यावर हप्त्याचं व्याज. जुनी छोटी गाडी आणखी तीन वर्षं चालवा. ती तुम्हाला ओळखते, तुम्ही तिला. तिच्यात कामावर जा, तिघं मिळून फिरा. आणि स्पिटफायर दुसरी गाडी म्हणून, साठवलेल्या पैशांतून, कर्ज न काढता येत असेल, तर घ्या. वर दुरुस्तीसाठी म्हणून पहिल्याच दिवशी दोन हजार पौंड वेगळे काढा. ते काढता येत नसतील, तर गाडी परवडत नाही असंच समजा. मला ते सांगताना वाईट वाटतं, पण निम्म्यावर सोडलेली जुनी गाडी गराजमध्ये गंजताना बघण्याइतकं दुःख दुसरं नाही.

सरकारी बाजू झटपट सांगतो, कारण ती सोपी आहे. चाळीस वर्षांवरच्या गाडीला 'हिस्टॉरिक' वर्गात रोड टॅक्स शून्य, पण अर्ज दरवर्षी करावा लागतो. मोठे फेरफार नसतील तर एमओटीतूनही सूट. तरीही वर्षातून एकदा पैसे देऊन एमओटी करून घ्याच. खालून दिवा लावून बघणारं तिऱ्हाइताचं डोकं हवं. जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना बर्मिंगहॅमच्या क्लीन एअर झोनमध्ये आणि लंडनच्या यूलेझमध्ये भरावं लागणारं शुल्क हिस्टॉरिक गाडीला लागत नाही. विमा क्लासिक प्रकारचा, ठरलेल्या किमतीचा काढा. तो स्वस्त पडतो, पण बहुतेक कंपन्या घरात रोजची दुसरी गाडी आहे का ते विचारतात. इथेही तुमची छोटी गाडी कामाला येते. पेट्रोल ई५, म्हणजे कमी इथेनॉलचं, भरा. सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल ई१० झालं, आणि त्यातलं इथेनॉल जुन्या रबरी नळ्या खातं.

आता मुख्य काम, गाडी तपासणं. त्या छाटलेल्या फांद्या आठवा. हेरल्डला बाजूने चासीचा आधार होता, स्पिटफायरला नाही. तिची बाजूची ताकद सिलमध्ये, म्हणजे दाराखालच्या पत्र्याच्या पोकळ पट्टीत आहे. सिल गंजले तर गाडी मधोमध वाकू लागते. तेव्हा चमकणाऱ्या रंगाकडे आधी बघूच नका. दार उघडा, थोडं वर उचलून बघा, मग हळूच बंद करा. दार आणि मागच्या मडगार्डाच्या पत्र्यामधली फट वर एक आणि खाली एक दिसली तर शंका घ्या. गुडघ्यावर बसून सिलच्या खालच्या शिवणीवर नखाने टकटक करा. कोरा पत्रा खणखणतो, आत फिलर भरलेला असेल तर बद्द आवाज येतो. मॅट उचलून पायाखालची जमीन बघा, आणि सीटच्या मागे, जिथे मागच्या सस्पेन्शनची दांडी बॉडीला येऊन मिळते, तिथे हात फिरवा. इंजिन जुनं झालं तर बदलता येतं, सुटे भाग या गाडीला इतके मिळतात की नव्या गाड्यांना मिळत नाहीत. पत्रा कुजला तर मात्र सात हजारांचे चौदा हजार व्हायला वेळ लागत नाही.

पुढच्या चाकांखाली ट्रनियन नावाचा पितळी भाग असतो. त्यात स्टीलच्या दांडीचे आटे फिरतात, स्टेअरिंग त्यावर वळतं. त्यात ग्रीस भरायचं नाही, जाड गिअर ऑइल, ईपी ९०, ऑइलगनने भरायचं. माझी गाडी एकदा मी एका गॅरेजात सर्व्हिसिंगला दिली होती. निपल दिसलं म्हणून तिथल्या माणसाने ग्रीस भरलं. दीड वर्षानंतर एका पार्किंगमधून निघताना, चालण्याच्या वेगाने, टण्‌ असा आवाज आला आणि उजवं चाक आत दुमडून मडगार्डला चिकटलं. तुटलेला तुकडा मी हातात घेऊन बघितला. बाहेर वाळून मेणासारखं झालेलं ग्रीस, आणि आतल्या आट्यांवर लालभडक गंज. ग्रीस आट्यांत शिरलंच नव्हतं, पाणी मात्र शिरलं होतं. हेच घाटात झालं असतं तर आज हे उत्तर लिहायला मी नसतो. शेजाऱ्यांना सरळ विचारा, "ट्रनियनमध्ये काय भरता?" ते क्षणही न थांबता "तेल" म्हणाले, तर या माणसाने गाडी सांभाळली आहे.

गाडी गरम झाल्यावर, उभी असताना, डॅशबोर्डवरचा ऑइलचा दिवा बघा. या गाडीला ऑइल प्रेशरचा काटा नाही, दिवाच काय तो साक्षीदार. गरम इंजिन मंद चालत असताना तो मिणमिणू लागला, तर ती बेअरिंगं थकली आहेत. ओव्हरड्राइव्ह असेल तर त्याचं बटण गिअरच्या मुठीत असतं. चौथ्या गिअरमध्ये दाबून बघा, इंजिनचा आवाज एक पायरी खाली उतरला पाहिजे. असलेला बरा, हायवेवर चार हजारांचे तीन हजार होतात.

घाई करू नका. मार्च संपून रस्त्यावरचं मीठ धुतलं जाईपर्यंत तरी गाडी बाहेर काढायची नाहीच, तेव्हा हातात वेळ आहे. तोवर एका शनिवारी तिघं मिळून तुमच्या छोट्या गाडीने गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियममध्ये जाऊन या. ऑगस्ट १९८० मध्ये कॅन्लीतून बाहेर पडलेली सगळ्यात शेवटची स्पिटफायर त्यांच्याकडे आहे, पिवळी, कधीच विकली न गेलेली. तीन लाखांवर गाड्या निघाल्या, त्यातली ती शेवटची.

आणि मग शेजाऱ्यांकडे पुन्हा जाल तेव्हा नवऱ्याला घेऊन जा, कारण शेवटची तपासणी एकट्याने होत नाही. या इंजिनात क्रँकला मागे-पुढे सरकू न देणारे दोन अर्धगोल थ्रस्ट वॉशर असतात. ते झिजून खाली पडले की क्रँक आणि ब्लॉक, दोन्ही गेले. नवऱ्याला आत बसवून क्लच दाबायला आणि सोडायला सांगा. इंजिन बंदच ठेवा. तुम्ही जबडा उघडा, पुढे वाकून क्रँकच्या पुलीवर नजर ठेवा. क्लच दाबताना पुली डोळ्यांना दिसेल इतकी पुढे सरकली, तर शेजाऱ्यांचे आभार माना आणि घरी या. जागची हलली नाही, तर पाच वेळा पुन्हा दाबायला सांगा. काय दिसलं ते मला कळवा.